काठावर बसतो म्हणणारा पाहुणा

रायपूर, भिलाई, बिलासपूर, राजनांदगाव इथल्या मराठी घरांनो, ही तक्रार माझ्याइतकीच तुमचीही आहे, म्हणून तुम्हालाच हाक मारून सुरुवात करते. आपल्याकडे कोणी येत नाही. आपण लग्नाला पुण्याला जातो, बारशाला नाशिकला जातो, कोणाचा नवा फ्लॅट बघायला ठाण्याला जातो. ते नागपूरपर्यंत येतात आणि तिथून फोन करतात, "अगं, इतक्या जवळ आलोय, तूच ये ना भेटायला." नागपूर-रायपूर अंतर त्यांच्या बाजूने मोजलं की फार असतं, आपल्या बाजूने मोजलं की काहीच नसतं. आणि दोन प्रश्न ठरलेले. पहिला मोठ्या आवाजात: "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" दुसरा आवाज खाली आणून: "तिकडे फिरणं सेफ आहे ना?"

या दोन्ही प्रश्नांवर मी आयुष्यभर बोलत आले आहे. जेवणाच्या पंगतीत बोलले, समाजाच्या कार्यक्रमांत माइकवरून बोलले. देशाला इथला कोळसा चालतो, इथलं लोखंड चालतं, इथली वीज तर हवीच असते. इथली नदी बघायला मात्र कोणाला सवड नसते. हे माझं मत आहे आणि खाली जे घडलं त्यानंतरही ते बदललेलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला अलकाचा फोन आला. अलका माझी नागपूरच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिथलीच झाली. तिचा नवरा माधव विमा कंपनीतून नुकताच निवृत्त झाला होता. "आम्ही येतोय," ती म्हणाली. "आठवडाभर. कुठे न्यायचं ते तू ठरव."

मी फोन ठेवला आणि प्रकाशला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. तो रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स बघतो आणि सहसा सुट्टी घेत नाही. त्याने त्याच दिवशी अर्ज दिला.

"बस्तर दाखवू," तो म्हणाला. "पूर्न. काही सोडायचं नाई. वापस जाऊन पुन्यात शंभर लोकायले सांगितलं पाहिजे त्यायनं."

त्यामुळे सहल निघण्याआधीच तिच्यावर एक जबाबदारी येऊन पडली होती. पाहुण्यांना मजा यावी एवढं आम्हाला पुरणार नव्हतं. त्यांनी परत जाऊन साक्ष द्यावी, अशी आमची अपेक्षा होती.

पहिला दिवस रायपूरचा. ते सकाळच्या गाडीने उतरले, दुपारी झोपले, संध्याकाळी आम्ही तेलीबांध्याच्या तळ्याभोवती चक्कर मारली. आम्ही तिथून जवळच राहतो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी तांदळाच्या पिठाचे चीले केले, टमाट्याच्या चटणीबरोबर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, धिरड्याचा हा इकडचा भाऊ आहे आणि गरम असेपर्यंतच त्याला अर्थ आहे. सोबत प्रकाश चौकातून उडदाचे बडे घेऊन आला.

माधव उंच, सावकाश बोलणारा माणूस. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची त्याला सवय आहे. कोणाचं बोलणं तोडत नाही. प्रकाशला असा पाहुणा म्हणजे पर्वणीच.

"अजून एक घ्या, माधवराव. काहून लाजून राहिले?"

"खरंच बस. पोट भरलं."

"असं कसं भरलं? अजून तं सुरुवात होऊन राहिली."

"नाही हो, प्रकाशराव…"

तोवर बडा ताटात पडला होता. माधवने तो खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. अलका हसत होती, मी हसत होते. आपल्या घरांत हे असंच चालतं. पाहुण्याने नाही म्हणायचं, यजमानाने ते ऐकायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांचा मान राखला असं समजायचं. यात वाईट काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं आणि ताटापुरतं आजही वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास जगदलपूरला निघालो. गाडी आमचीच. रस्ता अभनपूर, कुरूद, धमतरी, चारामा, कांकेर, केशकाल, कोंडागाव असा जातो. थांबत गेलं तर सगळा दिवस लागतो आणि थांबतच जावं. धमतरीपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं. कांकेरनंतर साल आणि सागाची झाडं रस्त्याजवळ येतात. केशकालच्या घाटात मालाचे ट्रक एकामागे एक लागलेले असतात, म्हणून तो दुपारच्या आत पार करावा. रोख पैसे धमतरीलाच काढून ठेवा. पुढे एटीएम आहेत, पण त्यात पैसे असतीलच असं नाही.

चारामाच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीच्या पाटीवर माधवने वाचलं, "आलूगुंडा. हा कोण?"

"इकडचा दादा आहे," मी म्हणाले. "तुमच्याकडे बटाटेवडा म्हणून शांतपणे राहतो."

"मग याला भेटायला हवं," तो म्हणाला आणि स्वतःहून दोन मागवले.

घाटात समोरून येणाऱ्या ट्रककडे बोट दाखवून प्रकाश म्हणाला, "यातला कितीतरी माल आमच्या उरल्याले येते. डोंगर इथं खोदतेत, धूळ आमी खातो." माधवने बराच वेळ मागे वळून त्या ट्रकांकडे पाहिलं. कोंडागावला एका कारागिराच्या अंगणात घडव्याचं काम बघितलं. मेणाची आकृती करायची, वर माती लिंपायची, मेण वितळून जागा रिकामी झाली की तिथे धातू ओतायचा. अलकाने एक हरीण घेतलं. माधवने त्या कारागिराला इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी चहा मागवला. मला फार बरं वाटलं. असाच पाहुणा हवा होता, असं मी मनात म्हटलं.

जगदलपुरात मुक्कामाला साधी, स्वच्छ हॉटेलं मिळतात. नाताळची सुट्टी आणि शनिवार-रविवार टाळले तर भावही माणसासारखे असतात. सकाळी 'बोबो' खायला विसरू नका. उडदाच्या डाळीचा गोल, जाड वडा आहे, रस्त्यावर मिळतो आणि दहा वाजेपर्यंत संपतो.

दुसऱ्या दिवशी दुपारून चित्रकोटला गेलो. पावसाळ्यात इंद्रावती तिथे अख्ख्या रुंदीने, मातीच्या रंगाने कोसळते आणि बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. थंडीत तिच्या दोनचार वेगळ्या धारा होतात, पाणी निवळतं, मागचा काळा खडक दिसतो. मला थंडीतली जास्त आवडते. खाली पायऱ्या उतरून गेलं की नावाडी तुम्हाला धबधब्याच्या तुषारांपर्यंत नेतात.

"तुम्ही जा," माधव म्हणाला. "मी वरून तुमचे फोटो काढतो."

आम्ही तिघं गेलो. भिजून, थरथरत वर आलो तेव्हा त्याने आमच्यासाठी चहा सांगून ठेवला होता. फोटो उत्तम आले होते. संध्याकाळचं ऊन पाण्यावर तिरपं पडलं तेव्हा तो कठड्याला टेकून एकटाच उभा होता आणि काहीतरी बोलत होता. जवळ गेले तर म्हणाला, "काही नाही. हे इतकं आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

"मी सांगत होते," मी म्हणाले. "ऐकलं कोणी?"

जेवताना प्रकाशने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आज सोडलं तुमाले. उद्या नाई सोडत. उद्या तुमाले नदीत नेतो."

माधव हसला. आम्ही तो होकार समजलो.

कांगेर खोरं जगदलपूरपासून तासाभराच्या आत येतं. जंगलाच्या फाटकावर गाडीची नोंद करावी लागते. गुहा बघायच्या असतील तर वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो आणि पावसाळ्यात त्या बंद असतात. सकाळी धुकं जमिनीला लागून असतं. दोन स्वेटर न्या. मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ऑनलाइन पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.

खोऱ्यातल्या एका गावाची माणसं कांगेर नदीवर बांबूचे तराफे चालवतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल. जाड बांबू दोरांनी एकमेकांना बांधलेले, वर बसायला दोन बुटकी बांबूचीच आसनं, मागे उभा माणूस लांब काठीने तराफा ढकलतो. एका तराफ्यावर दोन पाहुणे. इंजिन नाही, आवाज नाही. हिरवं, संथ पाणी, दोन्ही काठांवरून वाकलेली झाडं. ज्यांना राफ्टिंग म्हटलं की उसळत्या लाटा आणि किंकाळ्या आठवतात त्यांनी इथे येऊ नये. इथे नदी जवळजवळ झोपेत असते.

बुधराम नावाच्या तिशीतल्या तराफेवाल्याने लाइफ जॅकेटं दिली, पट्ट्या बांधून दाखवल्या आणि नियम सांगितले. "बीच में खड़े नहीं होना है। हाथ-पैर बाहर नहीं। फोटो बैठे-बैठे लेना।"

माधवने जॅकेट हातात घेतलं, घातलं नाही. "तुम्ही या जाऊन. मी सामान बघतो."

"सामान कोन नेते इथं?" प्रकाश म्हणाला. "अस्वल?"

"नाही, खरंच. मला इथूनच छान दिसतंय. मी काठावर बसतो."

"अरे चल ना," अलका म्हणाली. "कुठे म्हणून येत नाहीस तू."

"कुछ नहीं होता साहब," बुधराम म्हणाला. "पानी कमर तक है।"

मग मी बोलले. काय बोलले ते मला पुरतं आठवतं, कारण ते मी पूर्वीही अनेक ठिकाणी बोलले आहे. या जंगलाबद्दल बाहेरच्यांना फक्त गोळीबाराच्या बातम्या माहीत आहेत, म्हणाले. इथल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या बांबूंनी उपजीविका उभी केली आहे, आणि पुण्याचा शिकलेला माणूस इथवर येऊन काठावर बसला तर त्या बातम्यांनाच दुजोरा मिळतो, म्हणाले. "तुमच्या नाही म्हणण्यात भीती आहे, माधवराव, आणि ती भीती तुमची नाहीच, ती तुम्हाला वर्तमानपत्रांनी दिली आहे." माझा आवाज चढला होता. शेजारच्या तराफ्यापाशी उभं असलेलं कोरब्याचं एक कुटुंब ऐकायला थांबलं होतं. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांच्यातल्या काकांनी मान डोलावली.

माधवने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. बूट काढले, मोजे त्यात नीट घडी करून ठेवले आणि जॅकेट घातलं. "ठीक आहे," म्हणाला.

आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या तराफ्यावर प्रकाश आणि माधव, मागे बुधराम. दुसऱ्यावर मी आणि अलका, आमचा नावाडी वेगळा. बराच वेळ काहीही घडलं नाही आणि ते फार सुंदर होतं. काठी पाण्यात शिरल्याचा आवाज तेवढा येत होता. एक खंड्या आमच्या पुढे पुढे एका फांदीवरून दुसरीवर जात होता. माधव दोन्ही हातांनी आसन धरून ताठ बसला होता. मला त्याची पाठच दिसत होती. मी अलकाला म्हणाले, "बघ, किती रमलाय." ती म्हणाली, "हो ना."

एका वळणावर कोह्याचं, म्हणजे अर्जुनाचं, मोठं झाड अर्ध्या पात्रात आडवं पडलेलं आहे. तिथे पात्र अरुंद होतं, पाणी खोडाला वळसा घालून ओढीने जातं आणि खाली डोह आहे. बुधराम काठी रोवून तराफ्याचं तोंड वळवत होता. नेमका त्याच वेळी प्रकाश उभा राहिला.

"माधवराव! इकडं पहा! हसा जरा, अलकाताईले फोटो पाठवतो!"

"साहब, बैठिए!" बुधराम ओरडला.

माधव हाक ऐकून वळला. तराफ्याची एक कड खोडावर चढली, दुसरी बुडाली आणि दोघंही पाण्यात गेले. प्रकाश उथळ बाजूला पडला. तो लगेच उभा राहिला, पाणी त्याच्या कमरेपर्यंत होतं आणि तो हसत होता. त्याला ती गंमत वाटली. मलाही वाटली. मग प्रकाशने इकडेतिकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

माधव दिसत नव्हता.

ओढीने त्याला तराफ्याखाली नेलं होतं. जॅकेट माणसाला वर ढकलतं, आणि वर बांबू होते. त्यात जॅकेटची एक पट्टी तराफ्याच्या दोरात अडकली होती. त्याला बाहेर येता येत नव्हतं आणि खालीही जाता येत नव्हतं. बुधरामने उडी मारली. आमचा नावाडी काठी टाकून पोहत गेला. प्रकाश तराफा उचलायला बघत होता. तो भिजलेल्या बांबूंचा होता आणि एका माणसाने हलण्यातला नव्हता. बुधराम खाली जाऊन वर आला, पुन्हा खाली गेला. अलका ओरडली नाही. ती उभी राहायला लागली आणि मी तिचं मनगट धरून तिला खाली बसवून ठेवलं. आमचा तराफा आता कोणीच धरलेला नव्हता, तो आपोआप आडवा होऊन काठाला लागत होता.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. प्रकाश वेगळं सांगतो, बुधराम वेगळं. 

तिघांनी मिळून तराफा प्रवाहाच्या दिशेने ढकलला तेव्हा दोर ताणला जाऊन पट्टी तुटली आणि माधव पलीकडून वर आला. कपाळ फुटलं होतं. डोळ्यांवरचा चष्मा गेला होता. तो खोकत होता, याचा अर्थ तो श्वास घेत होता. मी एवढंच लक्षात ठेवलं.

त्याला काठावरच्या पहिल्याच घरात नेलं. ते बुधरामच्या मोठ्या भावाचं होतं. अंगणात शेकोटी होती, त्यांनी त्याचे ओले कपडे काढून कांबळं गुंडाळलं, कपाळाला फडकं बांधलं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी काळा चहा पुढे केला. माधवने मान हलवली. त्यांनी पेला खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं नाही. यावरून इथल्या लोकांच्या रीतीवर एक व्याख्यान देण्याचा मोह मला झाला होता, पण ते बरोबर ठरणार नाही. कदाचित त्या बाई कामात असतील.

गाडीत बुधराम पुढच्या सीटवर बसून आमच्याबरोबर जगदलपूरपर्यंत आला. रेंज आली तसा तो प्रकाशला हळूच म्हणाला, "साहब, शिकायत मत करना। पूरे गाँव का काम बंद हो जाएगा।"

"काहे की शिकायत भैया?" प्रकाश म्हणाला. "तूने बोला था बैठो। मैं खड़ा हुआ।"  स्टिअरिंगवरचे त्याचे हात ओलेच होते.

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी गेलं आहे, उद्यापर्यंत इथेच ठेवू, बहुतेक काही होणार नाही. त्या 'बहुतेक'बरोबर आम्ही दिवस काढला. अलका त्याच्याजवळ बसली. प्रकाश औषधं आणायला गेला, आणून पुन्हा गेला, काहीच आणायचं नसतानाही गेला. संध्याकाळपर्यंत ताप आला नाही. श्वास मोकळा झाला. अलका तोंड धुवायला गेली तेव्हा मी त्याच्या खाटेजवळ बसले.

"माधवराव, पाण्याची भीती आहे हे आधी सांगायचं ना."

"सांगितलं की," तो म्हणाला. आवाज बसला होता. "चित्रकोटला सांगितलं. इथे काठावरही सांगितलं."

"नको म्हणालात. कारण कुठे सांगितलंत? लहानपणी काही झालं होतं का?"

"नाही हो. काहीच झालं नव्हतं." तो थोडा थांबून खोकला. "कारणच नाही. मला पाण्यात जायला आवडत नाही, एवढंच. ऑफिसच्या पिकनिकलाही मी काठावरच बसायचो. कारण नसेल तर तुम्ही लोक ऐकत नाही, आणि खोटं कारण सांगायला मला जमत नाही."

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. 

"आणि तुम्ही बोललात छान," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तेच सहन करायला अवघड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. परतीचा रस्ता तोच, पण उलटा बघताना वेगळा वाटतो. घाट आधी येतो, सपाटी नंतर. अलका आणि माधव मागे बसले. ती प्रकाशशी नीट बोलत होती. माझ्याशी बोलत नव्हती. कांकेरला चहासाठी उतरलो तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"कुंदा, मला तुझा राग आला आहे."

"येणारच."

"पण नीट भांडता येत नाहीये. माझ्या घरी कोणी आलं की मी हेच करते. आणि नदीवर त्याला 'चल ना' मीच म्हटलं. तीस वर्षं झाली लग्नाला. मला वाटायचं, तो आळशी आहे." तिने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "त्याला भीती वाटते हे मला काल दवाखान्यात कळलं. तो तुला सांगत होता तेव्हा."

ती दाराशी उभी राहून ऐकत होती, हे मला तेव्हा समजलं.

रायपूरला आल्यावर ते आणखी एक दिवस राहिले. माधव गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. नवा चष्मा चौकातून करून घेतला. स्टेशनवर त्याने प्रकाशला मिठी मारली. प्रकाश मोठमोठ्याने हमालाशी भांडत होता, म्हणजे रडू लपवत होता. गाडी गेल्यावर पार्किंगकडे येताना तो म्हणाला, "हे लिवू नको बरं."

"का?"

"काहून म्हंजे? तसंच इकडं कोनी येत नाई. हे वाचलं तं म्हनतीन, पहा, आमी तं आधीच म्हनत होतो. अन् त्या पोट्ट्यायचं काम बंद पडलं तं?"

"चूक त्यांची नव्हती, हेच लिहिणार आहे. गावाचं नाव देणार नाही."

"मंग कोनाची लिवशील?"

मी पर्समध्ये पार्किंगची चिठ्ठी शोधू लागले. तो म्हणाला, "माही लिव. मी उभा राह्यलो." आणि गाडीचं दार उघडून बसला.

मी ते लिहिलं आहे. पण ते पूर्ण नाही. तो उभा राहायच्या आधी, अख्खं भाषण ठोकून एका घाबरलेल्या माणसाला मी त्या तराफ्यावर बसवलं होतं. वादात मी जिंकले आणि तो हरला, आणि हरलेल्या माणसाने तोल गेल्यावर काय करायचं याचा विचार माझ्या भाषणात कुठेच नव्हता.

काही आठवड्यांनी माधवचा फोन आला. त्याच्या जुन्या ऑफिसातले दोघं सहकुटुंब बस्तरला यायचं म्हणत होते, त्यांना रस्त्याची माहिती हवी होती. त्याने स्वतः त्यांना चित्रकोटबद्दल, कोंडागावच्या त्या कारागिराबद्दल सांगितलं होतं. म्हणजे साक्ष मिळाली. ती काठावरून बघितलेल्या गोष्टींची होती आणि तिला काही कमीपणा नव्हता. धबधबा त्याने आमच्यापेक्षा जास्त वेळ पाहिला होता. आम्ही भिजून परत आलो होतो, तो संध्याकाळभर पाहत उभा होता.

जे घडलं त्यासाठी बस्तरला दोष देऊ नका. नदीनेही काही केलं नाही, ती नेहमीसारखीच वाहत होती. बुधरामने नियम सांगितले होते आणि जीवही त्यानेच वाचवला. या आणि माणसं आणा, हे मी उद्याही तितक्याच मोठ्याने म्हणेन. पण आपल्याकडे कोणी येत नाही या दुःखाने आपण इतके भुकेले झालो आहोत की आलेल्या माणसाला आपण माणूस राहू देत नाही. त्याला आपल्या बाजूचा पुरावा करून टाकतो. त्याने सगळं खाल्लं पाहिजे, सगळं बघितलं पाहिजे, सगळ्यात उतरलं पाहिजे, नाहीतर आपला अपमान. ताटातल्या आग्रहाने फार तर अपचन होतं. नदीवर तोच आग्रह माणसाला बांबूंखाली नेतो.

म्हणून तुमच्याकडे मागणं एकच. पुढच्या वेळी पाहुण्यांना पाण्यावर नेणार असाल, तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला एकेकट्याला बाजूला घ्या, बायकोला नवऱ्यासमोर नाही, नवऱ्याला बायकोसमोर नाही, आणि एकदाच विचारा, "उद्या पाण्यात यायचंय का?" नाही म्हणाले तर कारण विचारू नका.